पुढच्या ब्रेकची हवा काढायचा हातपंप: ओढतो छान, पण बुडबुड्यांवर जाऊ नका

पिस्तुलासारखी मूठ, त्यावर काट्याचा गेज, मध्ये झाकणाची छोटी बाटली आणि दोन पारदर्शक नळ्या. डिस्क ब्रेकचं ऑइल निपलमधून, म्हणजे चाकापाशी कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) असलेल्या पोकळ स्क्रूमधून, ओढून काढणारा हा व्हॅक्यूम पंप. खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं की ‘एकट्याने काम होतं’. कारसाठी ते खरं, कारण तिथे पेडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे. मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकला लिव्हर आणि निपल दोन्ही तसेही एकाच माणसाच्या हाताशी असतात. तेवढ्यासाठी पंप घ्यायची गरज नाही.

नुसतं ऑइल बदलायचं असेल तर ८ नंबरचा रिंग पाना (काही कॅलिपरला १० चा लागतो), हातभर पारदर्शक नळी आणि एक बाटली पुरते. लिव्हर दाबा, निपल पाव आटा सोडा, आवळा, मग लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा आत गेलीच.

पंपाचे पैसे वसूल होतात ते सिस्टीम कोरडी पडल्यावर. कॅलिपरचे सील बदलले, होज (ऑइलची लवचीक नळी) नवा टाकला किंवा मास्टर सिलिंडरला (लिव्हरपाशी ऑइल दाबणाऱ्या भागाला) नव्या सीलचं किट टाकलं की लाइनमध्ये हवाच हवा असते. लिव्हर मारत बसलं तर ती हवा नुसती दबते आणि पुन्हा फुगते, ऑइल खाली सरकतच नाही. इथे पंप काही मिनिटांत ऑइल कॅलिपरपर्यंत आणून देतो.

वापरण्याआधी पंपाचीच परीक्षा घ्या. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून काटा २० इंचांपर्यंत न्या (गेजवर व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) आणि मिनिटभर थांबा. काटा उतरला तर पहिला संशय बाटलीच्या झाकणावर घ्या, तिथलं रबर नीट बसलेलं नसतं. बाटली आडवी करू नका आणि अर्ध्याच्या वर भरू देऊ नका. ऑइल पंपात शिरलं की आतली रबरं फुगून पंप निकामी होऊ शकतो.

आता कप, म्हणजे हँडलवरची ऑइलची डबी. हँडल वळवून तो सपाट आणा आणि खाली ओली चिंधी गुंडाळा. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडलाच तर नुसता पुसू नका, भरपूर पाण्याने धुवा. जपानी घडणीच्या गाड्यांवर झाकणाचे दोन स्क्रू बहुधा जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे असतात. साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि डोकं खातो. आधी पेचकसावर हलका ठोका द्या, मग फिरवा. कपातलं काळपट जुनं ऑइल सिरिंजने उपसा, म्हणजे तोच गाळ लाइनमधून खाली ओढला जाणार नाही. झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच भरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही.

निपल बंद असतानाच काटा १५ ते २० इंचांवर न्या, मग पाव आटा उघडा. पुढचा कप लहान असतो आणि पंप ओढतो भराभर. नजर नळीवर खिळली की कप रिकामा होतो आणि सगळं पहिल्यापासून. काटा शून्यावर यायच्या आत निपल बंद करा.

आणि इथेच या पंपाची खरी खोड आहे. नळीत बारीक बुडबुड्यांची माळ सुरू होते आणि थांबतच नाही. ती हवा बहुतेक वेळा ब्रेकमधली नसतेच. सैल केलेल्या निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते. हे न कळल्याने अख्खी बाटली ऑइल वाया जातं. निपल काढून फक्त आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या. टोकाचा निमुळता भाग आणि बाजूचं भोक मोकळं राहिलं पाहिजे. किंवा निपलच्या बुडाशी बाहेरून सिलिकॉन ग्रीस लावा. ओळखायची खूण सोपी: आट्यांची हवा एकसारखी बारीक येते आणि निपल जास्त सोडला की वाढते, आतली हवा मोठ्या गोळ्यांनी येते आणि संपते.

दुसरी मर्यादा अशी की हवा वर जाते आणि पंप खाली ओढतो. मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) अडकलेला बुडबुडा त्यामुळे जागचा हलत नाही. गाडी साइड स्टँडवर लावून हँडल डावीकडे वळवा, होजवर पेचकसाच्या मुठीने टिचक्या मारत वरपासून खालपर्यंत जा आणि लिव्हर अगदी थोडा थोडा हलवत राहा. कपातल्या बारीक भोकातून फुटाणे फुटल्यासारखे बुडबुडे वर येतात. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या नेहमी लिव्हरनेच कराव्यात.

लिव्हर स्पंजी लागतो म्हणून पंप मागवणार असाल तर आधी पॅड काढून बघा. पिस्टन जाम असला किंवा स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) कोरड्या पडल्या तर कॅलिपर वाकडा ओढतो आणि हाताला तीच गादी जाणवते. लिव्हर हलके दाबून पिस्टन ३-४ मिलिमीटर बाहेर आणा, जुन्या टूथब्रशने आणि ब्रेक क्लीनरने कडा साफ करा, मग बोटांनी आत ढकला. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात.

एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत नेहमीचं ऑइल बदलायला हा पंप चालतो. मॉड्युलेटरमध्येच (एबीएसच्या ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या भागातच) हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांना त्याचे व्हॉल्व्ह स्कॅनरने (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडायच्या यंत्राने) चालवावे लागतात, तिथे पंपाचा उपयोग नाही.

काम झाल्यावर निपल बेताने आवळा. तो पोकळ असतो, जास्त जोर दिला की कॅलिपरमध्येच तुटतो. मग लिव्हर घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. कुठेही गळती नसताना तो सावकाश मुठीकडे सरकत गेला, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं कप सील गेलंय. पंप बाजूला ठेवा आणि किट मागवा.