हवाबंद धान्यपिशवी : बियाणे राखण्याच्या कसोटीवर

हवामानबदलाशी जुळवून घेण्याची चर्चा बहुधा पेरणी, पाणी आणि वाण यांभोवतीच फिरते. काढणी झाल्यानंतरच्या महिन्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पहिल्या पावसावर पेरणी करावी, मग पावसाने ताण द्यावा आणि कोवळी रोपे करपून जावीत, असे घडले की दुबार पेरणीपुरते उगवणक्षम बियाणे घरात आहे की नाही, यावरच अल्पभूधारकाचा हंगाम अवलंबून राहतो. तीन थरांच्या हवाबंद पिशवीचे हे परीक्षण मुख्यतः याच गरजेच्या दृष्टीने केले आहे.

बाहेर विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचे पोते आणि आत एकात एक घातलेली जाड पॉलिथिलीनची दोन अस्तरे, अशी या पिशवीची साधी रचना आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये चवळीच्या साठवणीसाठी ही पद्धत विकसित केली आणि पुढे ‘पिक्स’ (‘पर्ड्यू इम्प्रूव्ह्ड क्रॉप स्टोरेज’चे लघुरूप) या नावाने ती मका व इतर धान्यांसाठीही वापरात आली. तोंड घट्ट बांधल्यावर आतील किडी आणि धान्य श्वसन करून ऑक्सिजन संपवतात. ऑक्सिजन घटला की अळ्या खाणे थांबवतात, आणि शरीराला लागणारे पाणीही त्यांना तयार करता येत नसल्यामुळे त्या हळूहळू सुकून मरतात. विषारी धुरीच्या गोळ्या घरात ठेवाव्या लागत नाहीत, हा मला या पिशवीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. उष्णता वाढते तशी भुंगेरे आणि सोंडे यांची पिढी एका मर्यादेपर्यंत अधिक लवकर पूर्ण होते, त्यामुळे या गुणाचे मोल पुढे वाढतच जाणार आहे.

मात्र ही पिशवी धान्य वाळवत नाही, आणि विक्रेते नेमके हेच पुरेशा स्पष्टपणे सांगत नाहीत. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, खळ्यावरचे धान्य भिजले आणि ते घाईने पिशवीत भरले, तर ओल आतच कोंडली जाते. मग बुरशी धरते आणि बियाण्याची उगवणशक्ती जाते. ओलावा साधारण १३ टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय पिशवी बांधू नये, आणि बियाण्यासाठी तर तो आणखी कमी असलेला बरा. बियाण्याचा ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचे साठवणीतील आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, असा बीजशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. कोरड्या बरणीत कोरडे मीठ आणि धान्य एकत्र हलवून मीठ काचेला चिकटते का, हे पाहण्याची चाचणी अनेक ठिकाणी सुचवली जाते. ती उपयुक्त आहे, परंतु ओलावा सुमारे १५ टक्क्यांच्या वर आहे की खाली, एवढेच तिच्यावरून कळते. मीठ चिकटले नाही म्हणून बियाणे साठवणीस योग्य झाले, असे समजणे धोक्याचे आहे. शक्य असेल तेथे चार घरांनी मिळून ओलावामापक घ्यावा.

पिशवी बांधण्याचे कामही दिसते तितके किरकोळ नाही. धान्य थोडेथोडे दाबत भरावे, वरची हवा काढून टाकावी आणि प्रत्येक अस्तराचे तोंड स्वतंत्रपणे मुरगळून, दुमडून, दोरीने आवळावे. अर्धी भरलेली किंवा वारंवार उघडली जाणारी पिशवी आपला उपयोग गमावते, म्हणून रोजच्या खाण्याचे धान्य आणि बियाणे एकाच पिशवीत ठेवू नये. येथे एक अडचण राहतेच : या पिशव्या बहुतेक ५० किंवा १०० किलोच्या मापात मिळतात, आणि थोडीच जमीन असणाऱ्याचे बियाणे त्याहून कितीतरी कमी असते. उत्पादकांनी लहान मापे सहज उपलब्ध करून द्यायला हवीत.

उंदरांपुढे ही पिशवी दुबळी आहे. धान्य पोखरणारे काही भुंगेरे तर आतूनही अस्तराला भोक पाडू शकतात. म्हणून भरण्यापूर्वी धान्य नीट पाखडून घ्यावे, पिशवी भिंतीपासून दूर लाकडी फळीवर आणि उन्हाबाहेर ठेवावी, आणि पुन्हा वापरण्याआधी अस्तरात हवा भरून, दाबून गळती तपासावी. काळजी घेतल्यास अस्तरे दोन-तीन हंगाम टिकतात. धान्य वाळवण्याची खात्रीची सोय ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही पिशवी निःशंकपणे घ्यावी. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी आधी ताडपत्री आणि वाळवणीसाठी आडोशाची जागा यांवर खर्च करावा.