पंप जागचा हलला नाही, पैसे मात्र पूर्ण कामाचे

वणी-मारेगाव-पांढरकवडा पट्ट्यात ज्यांच्याकडे जुनी फोर-व्हील जीप आहे, त्यांनी हे वाचाच. कापूस घरी येण्याच्या दिवसांत गाडी अडवून ठेवता येत नाही, हे गॅरेजवाल्याला आपल्याइतकंच ठाऊक असतं.

आमची बिनटर्बोची डिझेल जीप लिटरला ११ द्यायची. पावसाळा सरता सरता अ‍ॅव्हरेज ७ वर आलं. तालुक्याच्या गावातल्या एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं उभ्या गाडीला एकदम रेस दिली, मागून काळा भपका निघाला. "पाहा भाऊ, पंप गेला. नोझलबी गेले. डिझेल जळूनच नाही राह्यलं." पंप म्हणजे इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा पंप, आणि नोझल म्हणजे ते डिझेल इंजिनात फवारणारा भाग.

सगळी फसवणूक याच भपक्यावर उभी आहे. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला उभ्या उभ्या खच्चून रेस दिली की थोडाफार काळा धूर येतोच, आणि एअर फिल्टर तुंबलेला असेल तर जास्तच. पंप नागपूरला कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) पाठवतो म्हणून त्यानं गाडी ठेवून घेतली आणि १४,००० रुपये घेतले. पावती दिली ती वहीच्या कागदावर. गाडी परत आली तेव्हा धूर खरंच कमी झाला होता. अ‍ॅव्हरेज मात्र सातच.

मग गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या काकांनी बॉनेट उघडलं. पंपातून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांच्या नटांवर काळ्या मातीचा वाळलेला थर जसाच्या तसा होता. त्या नटांना पाना लागला असता तर तो थर फुटला असता. अ‍ॅडजस्टिंग स्क्रूची सीलची तारही जुनीच, मळकट. नवीन काय होतं, तर फक्त एअर फिल्टर. धूर त्यानंच कमी झाला होता. माझा संताप अजून उतरलेला नाही, कारण हे अजाणतेपणी होत नाही. नवा फिल्टर घातला की धूर कमी होणार आणि गिऱ्हाईक गप्प बसणार, हे पक्कं माहीत असलेल्या माणसाचं ते काम आहे.

खरा दोष चाकांत होता. काकांनी गाडी सपाट जागेवर न्यूट्रलला टाकली, आम्ही दोघांनी ढकलली, तर ती जागची हलेना. थोडं चालवून आणली तर मागच्या डाव्या ड्रमजवळ हात नेववत नव्हता. ब्रेक शू ढकलणारा व्हील सिलिंडर जाम होऊन ब्रेक शू मागे येतच नव्हते, म्हणजे गाडी सतत ब्रेक ओढत पळत होती. शिवाय पांदणीच्या चिखलानं पुढचा एक लॉकिंग हब (फोर-व्हीलसाठी पुढचं चाक आतल्या दांड्याला जोडणारा-सोडवणारा भाग) आतून जाम झाला होता. वरची खूण 'फ्री'वर, पण जॅक लावून चाक हातानं फिरवलं की आतला अ‍ॅक्सलही सोबत फिरायचा. हब सुटलेला असेल तर तो फिरायला नको. जास्त डिझेल ब्रेकनंच खाल्लं, हबचा वाटा त्यामानानं कमी.

सिलिंडर बदलला, हब धुऊन ग्रीस केला. मग एकाच पेट्रोल पंपावर टाकी फुल्ल ते फुल्ल मोजलं, अ‍ॅव्हरेज १०.५ आलं. डिझेलच्या काट्यावर विसंबू नका. टायर मोठ्या मापाचे टाकले असतील तर मीटर किलोमीटरही कमी दाखवतो, आणि नसलेला दोष दिसायला लागतो.

तेव्हा कुणी पंप काढायचं म्हटलं, तर आधी चाकांचं हे सगळं तपासून घ्या. तरी काढायची वेळ आलीच, तर तो तुमच्यासमोर उतरवायला लावा आणि टेस्ट बेंचवरच्या रीडिंगचा कागद मागा. नोझल हँड टेस्टरवर बसवून दाखवायला सांगा: चांगला नोझल धुक्यासारखा बारीक फवारा मारतो, टोकाशी थेंब धरत नाही. बदललेले जुने पार्ट घरी न्या. बिल छापीलच घ्या.

आमच्या मिस्त्रीनं पक्कं बिल द्यायला साफ नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. वहीच्या कागदावरची पावती आणि मातीनं माखलेल्या नटांचे फोटो जपून ठेवलेत. तिथं काही झालं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.