मुक्तिनाथचं विमान रद्द झालं, पण फक्त आमच्यापुरतं

नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या टूरच्या जाहिरातींमध्ये एक ओळ नेहमी ठळक अक्षरांत असते: ‘पोखरा–जोमसोम–पोखरा विमानप्रवासासह’. आम्हाला गंडवलं ते त्याच ओळीत. आणि इतक्या सफाईने, की आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना अजूनही वाटतं, हवा खराब होती, त्याला कोण काय करणार!

आधी हे विमान काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर डाव लक्षात येणार नाही. पोखऱ्याहून जोमसोमला, म्हणजे मुक्तिनाथच्या जवळच्या विमानतळावर, विमान साधारण वीस मिनिटांत पोचतं. उजवीकडे अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. डावीकडे धवलगिरी, ८,१६७ मीटर. या दोघांच्या मधल्या काली गंडकीच्या दरीतून पंधरा-वीस जणांचं छोटं विमान जातं आणि सुमारे २,७०० मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर उतरतं. दिवस वर आला की उत्तरेकडचं तिबेटी पठार तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा भरायला दक्षिणेची हवा या चिंचोळ्या दरीतून घोंघावत चढते. दहा-अकरानंतर जोमसोमला असा वारा सुटतो की विमान उतरवण्याचा प्रश्नच नाही. म्हणून उड्डाणं सकाळीच. सकाळी दरीत ढग भरले असतील तर तीही नाहीत, कारण वैमानिकाला डोंगर डोळ्यांनी दिसावे लागतात. २९ मे २०२२ रोजी याच मार्गावरचं विमान डोंगरावर आदळलं आणि आतले २२ही जण गेले. ठाण्याचं एक कुटुंब त्यात होतं. त्यामुळे हवामानासाठी विमान रद्द झालं तर शहाणा माणूस हुज्जत घालत नाही. आमच्या टूरवाल्याने भांडवल केलं ते लोकांच्या या शहाणपणाचं.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. पोखऱ्याहून बेनी, तातोपानी, घासा करत जोमसोमला जाणारा रस्ता म्हणजे दिवसभराचं काम, वाटेत जिथे दरड आली असेल तिथे ती हटेपर्यंत बसून राहायचं. म्हणूनच आम्ही विमानाची टूर घेतली. विमानाचे माणशी १४,००० रुपये मूळ पॅकेजच्या वर होते. तेही कंपनीच्या खात्यात नाही, मालकाच्या बायकोच्या नंबरवर यूपीआयने. “एअरलाइनला लगेच भरावे लागतात हो ताई, कंपनीच्या खात्यातून वेळ जातो.” दोन दिवसांनी प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक छान कागद आला: विमान कंपनीचं चिन्ह, आमची नावं, तारीख, सकाळची वेळ आणि सहा अक्षरांचा बुकिंग कोड. सगळ्यांनी तो घरच्यांना पाठवला.

पोखऱ्यात लेकसाइडच्या हॉटेलात रात्रीची जेवणं चालू होती. टूर मॅनेजर आला, चेहरा पाडून म्हणाला, “वाईट बातमी आहे. उद्याची फ्लाइट कॅन्सल. वेदर खराब आहे वर. पण काळजी नको, मी धावपळ करून जीपची सोय केली आहे, पहाटे चारला निघू.” लोकांनी उलट त्याचेच आभार मानले. एवढ्या रात्री गाड्या मिळवल्या म्हणून एका काकांनी त्याची पाठ थोपटली.

या मार्गावरचं विमान सहसा आदल्या रात्री रद्द होत नाही. सकाळी जोमसोमहून हवेची खबर येते, मग ठरतं. लोक सामान चेक-इन करून तासन् तास विमानतळावर बसतात, कधी उडतात, कधी परत हॉटेलवर येतात. त्यामुळे रात्री नऊ वाजता उद्याच्या ढगांची इतकी खात्री कोणी देत असेल तर तिथेच थांबा. हे मला नंतर विमानतळावर कळलं.

पहिली शंका जीपच्या ड्रायव्हरमुळे आली. चहाला थांबलो तेव्हा मी सहज म्हटलं, रात्री ऐन वेळी आलात, बरं झालं. तो बिचारा सरळ मनाने म्हणाला, “नहीं दीदी, गाडी तो पिछले हफ्ते से बुक है.” तेव्हा आम्ही भारतातून निघालोही नव्हतो.

संध्याकाळी जोमसोमला पोचलो तेव्हा सासूबाईंना धरून उतरवावं लागलं. त्याच हॉटेलात तमिळ यात्रेकरूंचा गट होता. मुक्तिनाथ हे वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांपैकी, म्हणजे पवित्र विष्णुस्थानांपैकी एक, त्यामुळे दक्षिणेतली मंडळी तिथे बरीच येतात. ते दुपारीच दर्शन करून आले होते. मी विचारलं, कधी निघालात? आज सकाळी, विमानाने. हवा? एकदम स्वच्छ, धवलगिरीचे फोटोसुद्धा दाखवले.

दुसऱ्या दिवशी जीपने कागबेनीवरून राणीपौवा, तिथून पायऱ्या, सासूबाईंना घोडा. ३,७०० मीटरवर दम लागतोच. १०८ धारांचं पाणी इतकं गार की बोटं बधिर होतात. दर्शन उत्तम झालं आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

जोमसोमला परतल्यावर मी विमान कंपनीच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने कोड टाकला आणि म्हणाली, या कोडवर महिन्यापूर्वी जागा धरल्या होत्या, मुदतीत पैसे भरले नाहीत, जागा सुटल्या. तिकीट निघालेलंच नाही. खरी गोम इथे आहे. एजंटला काही मुदतीपर्यंत जागा नुसत्या धरून ठेवता येतात. तेवढ्यात कोड तयार होतो, नावं-तारखेचा कागदही निघतो. पैसे भरल्यावर प्रत्येक प्रवाशाचा वेगळा तिकीट क्रमांक पडतो. आमच्या कागदावर कोड होता, तिकीट क्रमांक नव्हता, आणि परतीच्या विमानाचंही तेच. मी लेखी मागितलं तेव्हा ती म्हणाली, ई-मेल करा. केला, आणि चार ओळींचं उत्तर आलं: त्या दिवशीची उड्डाणं झाली, तुमच्या कोडवर तिकिटं नव्हती. त्या चार ओळी आज माझा सगळ्यात मोठा पुरावा आहेत.

मॅनेजरला मी सगळ्यांसमोर विचारलं. आधी तो म्हणाला, दुसऱ्या कंपनीचं विमान गेलं असेल. मी ई-मेल दाखवला, तर म्हणाला, मालकांशी बोला. मालक फोनवर म्हणाले, एअरलाइन रिफंड देत नाही. हे धादांत खोटं. कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केलं तर तिकिटाचे पैसे एजंटला परत मिळतात किंवा पुढची जागा मिळते. म्हणजे त्यांचं म्हणणं खरं धरलं तरी पैसे आमचेच होते. मग अटींचा कागद निघाला: ‘हवामानामुळे विमान रद्द झाल्यास पर्यायी वाहनाची सोय केली जाईल.’ पर्यायी वाहन दिलं की उरलेले पैसे कुणाचे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आणि शेवटचं अस्त्र: “दर्शन झालं ना ताई? लोकांना इथवर येऊनसुद्धा योग नसतो.”

याने खरंच गप्प बसवलं. मला नाही, बाकीच्यांना. ज्या काकांनी पाठ थोपटली होती तेच मला समजावू लागले, “अहो, मुक्तीला आलोय आपण, चौदा हजारांचं काय घेऊन बसलात?” एक मावशी म्हणाल्या, देवाच्या दारात पैशांवरून भांडण म्हणजे केलेलं पुण्य गेलं. सासूबाई मात्र पाय शेकत होत्या, तशाच म्हणाल्या, “पुण्य माझं मी बघीन, तू पावती सांभाळ.” मला राग टूरवाल्याचा कमी आणि या समजूतदारपणाचा जास्त आला. यात्रेकरू वरून परत येताना कृतज्ञ असतो, थकलेला असतो, आणि घरी पोचला की प्रसाद वाटण्यात गुंततो. हिशोब मागायला कोणी उरत नाही. याच भरवशावर हा धंदा दर हंगामात चालतो. जीपचा खर्च विमानापेक्षा कितीतरी कमी, गट पंधरा-वीस जणांचा. गुणाकार तुम्हीच करा.

परमिटमध्येही हात मारला होता. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांना मिळतं. तिकडे शंभर भारतीय म्हणजे १६० नेपाळी, म्हणून दुकानदारसुद्धा आधी ‘आयसी की एनसी’, म्हणजे भारतीय चलन की नेपाळी, ते विचारतात. आमच्याकडून १,००० भारतीय घेतले होते.

तर ज्यांचं बुकिंग झालं आहे त्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी आपल्या नावाचा तिकीट क्रमांक मागा, कोडवर समाधान मानू नका. क्रमांक मिळाला की विमान कंपनीला स्वतः विचारा. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट कोणी मागितलाच नसेल तर तिकीट काढलेलं नसण्याची शक्यता मोठी. विमानाचे पैसे वेगळे घेत असतील तर कंपनीच्या खात्यात आणि बिलावर द्या. ‘रद्द झालं’ म्हणाले तर विमानतळावर जाऊनच ऐका, मॅनेजर कितीही म्हणो की हेलपाटा पडेल. पोखऱ्यात पर्यटक प्रहरी, म्हणजे पर्यटकांसाठीचे पोलीस आहेत, हेल्पलाइन ११४४.

परत आल्यावर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आपण भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही.

मी तक्रार केली आहे. नोटीस पोचल्यावर मालकांचा फोन आला होता, चारधामच्या टूरमध्ये सूट देतो, मिटवून टाकू म्हणाले. मी त्यांना हेच लेखी पाठवायला सांगितलं. ते अजून आलेलं नाही. गटातल्या काही जणांनी आता आपापले यूपीआयचे स्क्रीनशॉट मला पाठवले आहेत, त्यात त्या मावशीही आहेत.