‘कॉम्प्युटर बंद करू नका’ म्हणाले आणि ९०,७१३ रुपये नेले

४,९९९, मग ४८,५००, मग ३७,२१४. बेरीज ९०,७१३. लोकांच्या जीएसटीच्या बेरजा तपासून मी पोट भरते, म्हणून आकडे आधी लिहिले. ‘एवढी शिकलेली, आणि अशी कशी फसलीस’ हे घरी ऐकून झालंय, इथे पुन्हा नको.

तारीख १९. दुसऱ्या दिवशी थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं विवरणपत्र, भरायची शेवटची मुदत. एका पार्टीच्या पीडीएफची साइज कमी करायला सर्चमधली पहिली लिंक उघडली (ती बऱ्याचदा जाहिरात असते, वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं) आणि अख्खा स्क्रीन निळा. भोंगा सुरू. एक बाई इंग्रजीत बजावतेय की मशीन लॉक झालंय, बंद केलंत तर डेटा जाईल. मायक्रोसॉफ्टचं नाव, खाली फोन नंबर. त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे मला नंतर कळलं. पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. पण माणूस अडकतो कुठे, ते सांगते.

अडकतो बंद करताना. फुलीवर क्लिक केलं, पान पुन्हा हजर. पॉवरचं बटण दाबलं, स्क्रीन काळा. परत दाबलं तर तेच पान, तोच भोंगा. लॅपटॉपचं बटण नुसतं दाबून सोडलं की तो बहुतेक वेळा झोपतो, बंद होत नाही. दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं लागतं, आणि नंतर ब्राउझरनं ‘रिस्टोअर पेजेस’ विचारलं तर नाही म्हणायचं. हे कोणी शिकवलंय आम्हाला? मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून कोपऱ्यातून शट डाऊन दिलं, तर विंडोज म्हणतं, एक ॲप शट डाऊन अडवतंय. झालं, व्हायरसच आहे याची खात्री पटली. ते अडवणारं ॲप म्हणजे सेव्ह न केलेली माझीच एक्सेल शीट! नाव समोर लिहिलेलं, शेजारी ‘शट डाऊन एनीवे’चं बटण. पण त्या शीटमध्ये दिवसभराचं काम होतं. मी ‘कॅन्सल’ दाबलं. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या जागी कोणीही तेच दाबलं असतं.

नंबर लावला. ‘मैडम जी, बस लैपटॉप बंद मत कीजिए.’ दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं एक ॲप उतरवायला लावलं, त्यातला कोड घेतला आणि माउस आपोआप फिरू लागला. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या. त्या प्रत्येक विंडोजमध्ये असतात, तुमच्याही असतील, आत्ता उघडून बघा. मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘ट्री’ टाइप केलं, ती फोल्डरांची यादी दाखवणारी साधी आज्ञा. फोल्डरांची नावं सरसर वर गेली आणि शेवटी ओळ आली: ट्रोजन (व्हायरससारखा घातक प्रोग्रॅम) सापडला, सिक्युरिटी संपली.

ती ओळ एकेक अक्षर करत उमटत होती. ‘सिक्युरिटी’चं स्पेलिंग चुकलं, दोन अक्षरं मागे गेली, दुरुस्त झालं. मी हे बघितलं. बघत बसले! कॉम्प्युटर स्वतःचं स्पेलिंग सुधारतो का कधी? पलीकडे माणूस टाइप करतोय हे ढळढळीत दिसत होतं, आणि माझ्या डोक्यात उद्याची लेट फी. दिवसाला पन्नास रुपये. पन्नास.

४,९९९ ‘लाइफटाइम सिक्युरिटी’चे म्हणून कार्डानं भरले. मग ‘स्कॅन चालू आहे, हात लावू नका’ आणि स्क्रीन काळा. मोबाईलवर ‘सर्टिफिकेटचा कोड’ आला, तो सांगितला. त्याच मेसेजमध्ये ४८,५०० लिहिलेले होते. कोडच्या आधी रक्कम वाचा!

पैसे गेल्याचा मेसेज येताच वायफाय बंद केलं, बँकेच्या हेल्पलाइनला लावलं. संगीत. माणूस मिळाला, कार्ड बंद करा म्हटलं, तो म्हणाला होल्ड करा. होल्डवर असताना ३७,२१४ गेले, परदेशी साइटवर, ओटीपीशिवाय. मुलीच्या परीक्षेची फी भरताना कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू केले होते, ते तसेच राहिले. तुमचे आज बंद करा.

१९३० वर तक्रार दिली, पावती क्रमांक मिळाला. ते लगेच करा. पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘ताई, हे सायबरवाल्यांचं, जिल्ह्याला जा.’ जिल्ह्याला म्हणाले, हद्द तुमच्या ठाण्याची. झिरो एफआयआर म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवणं, तसा कायदा आहे, हे मी त्यांना सांगायचं? एक साहेब चहा पीत म्हणाले, ‘लाखाच्या आतलं आहे, सोडून द्या.’ त्यांच्या पगारातून सोडायचे का?

आणि बँक! ‘ओटीपी तुम्हीच दिलात.’ बरं, ४८,५०० चं मान्य. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाचा हलगर्जीपणा असला तरी, त्यानं कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. ३७,२१४ कळवल्यानंतर गेले. तर मॅनेजर म्हणतात, कळवल्याची वेळ म्हणजे शाखेत लेखी अर्ज दिलात ती, दुसऱ्या दिवशीची. मग हेल्पलाइन कशाला ठेवलीय, गाणी ऐकवायला? जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे. छापून नेलं, तर कागद न वाचता परत सरकवला. वर म्हणे, ‘मॅडम, तुम्ही तर टॅक्सची कामं करता ना?’

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. अर्ज तयार ठेवलाय. जोडीला दोनच कागद: कॉल लॉगमध्ये हेल्पलाइनला फोन लावल्याची वेळ, ६ वाजून ४२ मिनिटं, आणि ३७,२१४ गेल्याच्या मेसेजवरची, ६ वाजून ५१. कॉल लॉग पुसला जायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.