आरटीएल-एसडीआर व्ही४ : कम्युनिकेशनच्या प्रयोगशाळेसाठी कितपत उपयोगी?

आरटीएल-एसडीआर ब्लॉग या नावाने विकला जाणारा व्ही४ हा पेन ड्राइव्हच्या आकाराचा, ॲल्युमिनियमच्या आवरणातला एसडीआर, म्हणजे ज्याचे बरेचसे काम संगणकातला प्रोग्रॅम करतो असा रेडिओ रिसीव्हर आहे. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला अँटेनासाठी एसएमए कनेक्टर, आणि मधल्या इवल्याशा पट्टीवर ५०० किलोहर्ट्झपासून १.७६६ गिगाहर्ट्झपर्यंतचे सिग्नल उचलण्याची सोय. भारतात तो काही हजार रुपयांना मिळतो. आयात शुल्क आणि विक्रेता यांनुसार किंमत बदलते. इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेच्या विद्यार्थ्यांना मॉड्युलेशन (वाहक लहरीवर माहिती चढवणे) शिकवण्यासाठी या किमतीत याहून उपयुक्त वस्तू माझ्या पाहण्यात नाही. मात्र स्पेक्ट्रम ॲनालायझरला, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती सिग्नल आहे हे मोजणाऱ्या यंत्राला, स्वस्त पर्याय म्हणून जो कोणी हा विकत घेईल, त्याच्या पदरी निराशाच येईल. असे का, हे समजण्यासाठी आतली रचना पाहावी लागते.

आत दोन मुख्य चिप आहेत. आर८२८डी हा ट्यूनर हव्या त्या वारंवारतेचा पट्टा खाली ३.५७ मेगाहर्ट्झच्या मध्यवर्ती वारंवारतेवर आणतो आणि रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप २८.८ मेगाहर्ट्झ वेगाने त्याचे नमुने घेऊन, त्यांचे आय आणि क्यू असे, कलेत ९० अंशांचा फरक असलेले दोन प्रवाह करून ते संगणकाकडे पाठवते. ही दुसरी चिप मुळात युरोपीय डीव्हीबी-टी पद्धतीचा टीव्ही संगणकावर दाखवण्यासाठी बनली होती. २०१२ मध्ये लिनक्सचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या लक्षात आले की, एफएम रेडिओ ऐकवण्याच्या सोयीसाठी ती कच्चे नमुनेही बाहेर देते, आणि त्या शोधातून स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओचा सगळा व्यवहार उभा राहिला. गंमत अशी की दूरदर्शनने भूस्थित डिजिटल प्रसारणासाठी डीव्हीबी-टी२ पद्धत स्वीकारल्यामुळे ज्या कामासाठी ही चिप जन्मली, ते काम तिला आपल्याकडे करताच येत नाही.

संगणकाला दर सेकंदाला २४ लाख नमुने निर्धोकपणे मिळतात, म्हणजे एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा डोळ्यांसमोर असतो. सेटिंगमध्ये ३.२ पर्यंतचा आकडा दिसतो, पण तिथे नमुने गळतात. तो मोह टाळावा. आय आणि क्यू ही जोडी हाती आली की, पाठ्यपुस्तकातली निम्मी समीकरणे दोन-तीन ओळींच्या प्रोग्रॅममध्ये उतरतात. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की एएम उलगडते. लागोपाठच्या दोन नमुन्यांमधील कोनाचा फरक घेतला की एफएम उलगडते. डायोड, आरसी फिल्टर आणि डिस्क्रिमिनेटर यांच्या आकृत्या जर्नलमध्ये वर्षानुवर्षे उतरवल्या जातात, परंतु एन्व्हलप म्हणजे नेमके काय आणि तात्कालिक वारंवारता म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला जीएनयू रेडिओ या ठोकळे जोडून रेडिओ बनवण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे दोन ठोकळे स्वतः जोडल्यावर जितके स्पष्ट होते, तितके त्या आकृत्यांनी होत नाही, असे माझे मत आहे. ट्रेनर किटवर एक किलोहर्ट्झची साइन लहर एका वाहकावर चढते आणि सीआरओवर (लहर दाखवणाऱ्या पडद्यावर) ठरलेले चित्र उमटते. त्यात अनपेक्षित असे काहीच नसते.

या रिसीव्हरवरचा सर्वांत समृद्ध प्रयोग कोणत्याही शहरात मिळणाऱ्या एफएम केंद्राचाच आहे. केंद्राचे डिमॉड्युलेशन करून आवाज थेट स्पीकरला न देता त्याचाच पुन्हा स्पेक्ट्रम काढावा. १५ किलोहर्ट्झपर्यंत डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज दिसते, १९ किलोहर्ट्झवर पायलटची सरळ, बारीक रेघ दिसते, आणि २३ ते ५३ किलोहर्ट्झमध्ये डाव्या-उजव्यांची वजाबाकी ३८ च्या दोन्ही बाजूंना पसरलेली दिसते, मात्र प्रत्यक्ष ३८ वर वाहकाची रेघ नसते. वाहक दाबलेले दुहेरी पार्श्वपट्ट्याचे मॉड्युलेशन ही परीक्षेपुरती गोष्ट नसून रोज कानावर पडणारी गोष्ट आहे, हे इथे दिसते. निवेदक बोलत असताना वजाबाकीचा भाग जवळजवळ रिकामा असतो, कारण त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच जातो. गाणे सुरू होताच तो भाग भरून येतो. वाहक का दाबला, हा व्हायवातला आवडता प्रश्नही इथेच सुटतो. ७५ किलोहर्ट्झचे डेव्हिएशन, म्हणजे वाहकाच्या वारंवारतेला सरकायला असलेली मुभा, सगळ्यांनी वाटून घ्यायचे असते, आणि ज्यात माहिती नाही अशा वाहकाला त्यातला वाटा देणे परवडत नाही. त्याऐवजी १९ ची बारीक खूण पाठवून रिसीव्हरमध्ये ती दुप्पट केली की ३८ चा वाहक योग्य कलेसह परत मिळतो. जिथे केंद्र आरडीएस (केंद्राच्या नावासारखा मजकूर) पाठवते तिथे ५७ किलोहर्ट्झवर ११८७.५ बिट प्रतिसेकंद वेगाचा छोटा डिजिटल पट्टाही सापडतो. प्रोग्रॅममधील डी-एम्फॅसिसचा (प्रसारणात वाढवलेले तीव्र स्वर पुन्हा उतरवण्याचा) कालांक मात्र तपासून घ्यावा. बऱ्याच तयार फ्लोग्राफमध्ये तो अमेरिकी पद्धतीचा ७५ मायक्रोसेकंद असतो, तर आपल्याकडे ५० चालतो. न बदलल्यास आवाज किंचित मंद, दबलेला येतो.

डिजिटल बाजूची सुरुवात विमाने आपले स्थान कळवण्यासाठी पाठवतात त्या एडीएस-बी संदेशांपासून करावी. १०९० मेगाहर्ट्झवर येणाऱ्या या संदेशात प्रत्येक बिटाला एक मायक्रोसेकंद मिळतो आणि स्पंद त्या मायक्रोसेकंदाच्या पहिल्या अर्ध्यात आहे की दुसऱ्या, यावरून एक की शून्य हे ठरते. ८ मायक्रोसेकंदांची प्रस्तावना आणि मग ११२ बिट, असा सगळा कारभार १२० मायक्रोसेकंदांत आटोपतो. २० लाख नमुने प्रतिसेकंद या वेगाने प्रत्येक अर्ध्या बिटाला बरोबर एकच नमुना येतो, त्यामुळे नमुना घेण्याचा क्षण किंचित सरकला तर काय घडते, हे विद्यार्थी आकड्यांतच पाहू शकतो आणि शेवटच्या २४ बिटांची तपासणी त्याला निकालही सांगते. मुंबई किंवा पुण्याच्या आसपास खिडकीत ठेवलेल्या साध्या अँटेनालाही विमाने मिळतात.

त्यापुढची पायरी हवामान उपग्रहांची. अनेक महाविद्यालयांच्या जुन्या प्रयोगपत्रिकांत अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या उपग्रहांकडून एपीटी हे ॲनालॉग चित्र घेण्याचा प्रयोग असतो. ते प्रसारण २०२५ मध्ये बंद झाले, तेव्हा तो आता वगळावा. त्याऐवजी रशियाच्या मिटिऑर-एम मालिकेचे १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले डिजिटल प्रसारण घ्यावे. त्याचा वेग ७२ हजार सिम्बॉल प्रतिसेकंद आहे, आणि सॅटडंप या मोफत प्रोग्रॅममध्ये क्यूपीएसकेचे (वाहकाच्या चार कलांतून माहिती पाठवण्याच्या पद्धतीचे) चार ठिपक्यांचे नक्षत्र प्रत्यक्ष जमताना दिसते. उपग्रह क्षितिजावर असताना ठिपके धुरकट असतात, डोक्यावर आला की घट्ट होतात आणि उलट्या बाजूला उतरताना पुन्हा विस्कटतात. सिग्नल आणि गोंगाटाचे गुणोत्तर म्हणजे काय, याचे दहा-पंधरा मिनिटांचे हे प्रात्यक्षिक मला कोणत्याही आलेखापेक्षा बोलके वाटते. डॉप्लरमुळे वाहक सुमारे ३ किलोहर्ट्झ वर-खाली सरकतो आणि वाहकाचा माग ठेवणारे लूप कशासाठी असते, हे त्याच ओघात सांगता येते. रिसीव्हरच्या संचाबरोबर येणारा टेलिस्कोपिक डायपोल, त्याच्या दोन्ही दांड्या प्रत्येकी सुमारे ५३ सेंटिमीटर लांब करून, १२० अंशांच्या कोनात आडवा ठेवला की या कामाला पुरतो.

आता मर्यादा. संगणकापर्यंत येणारा प्रत्येक नमुना अवघ्या ८ बिटांचा आहे. आदर्श हिशेबानेही त्याचा आवाका जेमतेम ५० डेसिबल होतो आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो. दर सेकंदाच्या २४ लाख नमुन्यांतून १० किलोहर्ट्झचा अरुंद पट्टा गाळून घेतला तर सुमारे २४ डेसिबल परत मिळतात, हे खरे. ओव्हरसॅम्पलिंगचा फायदा शिकवण्यासाठी हे उदाहरण उत्तमच आहे. परंतु त्याच पट्ट्यात एखादे बलवान केंद्र असेल तर ते कापले जाऊ नये म्हणून गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) उतरवावा लागतो, आणि मग दुबळा सिग्नल सर्वांत खालच्या बिटाच्याही खाली जातो. तिथे कोणताही फिल्टर कामाला येत नाही.

यापेक्षा मोठी अडचण शहरात येते आणि ती ट्यूनरच्या पुढच्या टप्प्याची आहे. ९५ आणि ९८ मेगाहर्ट्झवर दोन बलवान केंद्रे असतील आणि गेन जास्त असेल, तर ९२ आणि १०१ वर त्यांची भुते उमटतात. ती खरी केंद्रे नव्हेत, हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे अँटेनाच्या वाटेत १० डेसिबलचा अटेन्युएटर लावणे. खरा सिग्नल १० ने उतरतो, तिसऱ्या क्रमांकाचे इंटरमॉड्युलेशन, म्हणजे दोन सिग्नलांच्या मिसळणीतून उपजलेले भूत, ३० ने कोसळते. या रिसीव्हरच्या वापरकर्त्यांच्या निम्म्या तक्रारी गेन स्वयंचलित ठेवल्यामुळे किंवा कमाल ठेवल्यामुळे होतात, असे मी म्हणेन. गेन पायरीपायरीने वाढवत जावे; गोंगाटाची पातळी नुकतीच वर उचलली जाऊ लागली की तिथेच थांबावे. एफएमखेरीज इतर कामांसाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर घ्यावा. दुसरा, महागडा रिसीव्हर घेण्याआधी हा फिल्टर आणि बरी अँटेना घेतली तर पैसे अधिक सत्कारणी लागतात.

आधीची आवृत्ती व्ही३ आणि व्ही४ यांतला फरक मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या खालचा आहे. व्ही३ मध्ये अशा वेळी ट्यूनर वगळून सिग्नल थेट नमुने घेणाऱ्या टप्प्याला देतात. नमुन्यांचा वेग २८.८ मेगाहर्ट्झ असल्याने १४.४ च्या वरचे सारे खाली दुमडून येते, म्हणजेच नायक्विस्टचा नियम (नमुन्यांचा वेग सिग्नलच्या कमाल वारंवारतेच्या दुपटीहून जास्त हवा) मोडल्याची शिक्षा तिथे कानाने ऐकता येते. व्ही४ मध्ये अपकन्व्हर्टर आहे. आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची मध्यमलहर २८.८ मध्ये मिळून २९.५९२ मेगाहर्ट्झवर जाते आणि तिथून ट्यूनर ती नेहमीसारखी घेतो. ही बेरीज ड्रायव्हर परस्पर करतो. ४० मीटरच्या पट्ट्यातले, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवरचे हौशी रेडिओचालकांचे एकपार्श्वपट्टी संभाषण ऐकायचे तर व्ही४ निश्चित सरस आहे. ट्यूनिंग १०० हर्ट्झने चुकवले की माणसाचा आवाज लगेच किनरा किंवा घोगरा होतो आणि वाहक नसण्याची किंमत कळते. मात्र व्ही४ ला त्याला ओळखणारा नवा ड्रायव्हर लागतो. तो न टाकता जुन्याच ड्रायव्हरवर चालवल्यास खालचे पट्टे मिळत नाहीत. लिनक्सवर आणखी एक पायरी आहे, कारण ती प्रणाली या रिसीव्हरला अजूनही टीव्हीचे उपकरण समजून स्वतःच्या ताब्यात घेते. तो टीव्हीचा मॉड्यूल बंद करावा लागतो. मध्यमलहर ऐकताना लॅपटॉपचा चार्जर आणि एलईडी दिवे यांचा गोंगाट सगळे बुडवतो, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा आणि रिसीव्हर यूएसबीच्या लांब वायरीने दूर ठेवावा.

घड्याळाबद्दल तक्रारीला जागा नाही. यातील तापमान-भरपाई असलेल्या ऑसिलेटरची चूक दशलक्षात एक इतकी आहे, म्हणजे १०९० मेगाहर्ट्झवर सुमारे एक किलोहर्ट्झ. बाजारात निनावी निळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत मिळणाऱ्या स्वस्त रिसीव्हरमध्ये साधा क्रिस्टल असतो. त्यात दशलक्षात ५० ची चूक असली तर ८६५ मेगाहर्ट्झवर ४३ किलोहर्ट्झचा फरक पडतो आणि अरुंद पट्ट्याचा सिग्नल शोधतच बसावे लागते. हुबेहूब लोगो लावलेल्या नकलाही विकल्या जातात; निर्मात्याने स्वतः सांगितलेल्या विक्रेत्यांकडूनच घेणे शहाणपणाचे.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकाशातील हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या ज्या रेषेचाही अभ्यास करते, ती १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा या रिसीव्हरच्या आवाक्यात आहे. लहान डिश, कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर आणि हजारो एफएफटींची (संगणकाने काढलेल्या स्पेक्ट्रमांची) सरासरी एवढ्यावर आकाशगंगेचा उंचवटा दिसतो. ॲम्प्लिफायरला लागणारा ४.५ व्होल्टचा पुरवठा रिसीव्हर अँटेनाच्याच वायरीतून देऊ शकतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय मी आवर्जून सुचवेन.

हा केवळ रिसीव्हर आहे, हे खरेदीपूर्वी विभागाने ध्यानात घ्यावे. स्वतः तयार केलेले मॉड्युलेशन पाठवून पाहायचे असेल तर ॲनालॉग डिव्हायसेसचा १२ बिटांचा ॲडाल्म-प्लुटो लागेल. त्याची किंमत कित्येक पट आहे आणि तो ३२५ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी पाच व्ही४ आणि एक प्लुटो ही वाटणी मला योग्य वाटते. मात्र प्लुटोला अँटेना लावू नये, कारण विनापरवाना प्रसारण करता येत नाही. किमान ४० डेसिबलचा अटेन्युएटर मध्ये घालून तो केबलनेच व्ही४ ला जोडावा आणि सुरुवात सर्वांत कमी गेनवर करावी.