पोरांना पहिल्यांदा स्की शिकवायचीय: गुलमर्ग, सोलंग की औली? कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

परवा रंकाळ्यावर फिरताना एका मैत्रिणीनं अडवलं, पोरगा नऊ वर्षांचा, मोबाईलवर स्कीचे व्हिडिओ बघून हट्ट धरून बसलाय, कुठं नेऊ सांग म्हणाली. आम्ही दोनदा जाऊन आलोय, एकदा मनालीजवळच्या सोलंगला, एकदा काश्मिरातल्या गुलमर्गला, आणि भाच्यानं उत्तराखंडातल्या औलीला कोर्स केलाय, त्यामुळं आता आमच्या अख्ख्या गोतावळ्यात मीच एक्स्पर्ट असल्यासारखं सगळे मला विचारतात. तिला उभ्या उभ्या जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते.

आधी तारीख ठरवा, जागा नंतर. आपल्याकडं शाळेला मोठी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि स्कीसाठी दोन्हीचा उपयोग शून्य. मग सगळे नाताळावर उड्या टाकतात. आम्हीपण तेच केलं. सोलंगला गेलो तर खालच्या उतारावर अर्धं पिवळं गवत आणि मधे मधे बर्फाचे पट्टे, 'तीन दिवसांचा किड्स स्की कॅम्प' म्हणून ज्यानं पैसे घेतले त्यानं पोरीला दिवसाला वीस मिनिटं स्कीवर उभं केलं, उरलेला वेळ ट्यूबवरनं घसरगुंडी आणि याकवर बसून फोटो. पोरगी खुश होती म्हणा, पण शिकली काय तर काहीच नाही.

नाताळाला बर्फ नसतोच असं नाही, पण भरवसा नाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी, त्याला तिकडं चिल्ले कलान म्हणतात, तरीपण जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर जवळजवळ कोरडंच होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ ला तर खेलो इंडियाच्या विंटर गेम्स गुलमर्गला फेब्रुवारीत व्हायच्या त्या बर्फ नाही म्हणून मार्चमध्ये ढकलल्या. सरकारी स्पर्धेची ही गत तर आपल्या कॅम्पचं काय. त्यामुळं मी म्हणते २६ जानेवारीची सुट्टी धरून पुढं चार-पाच दिवस शाळा बुडवा किंवा सरळ फेब्रुवारी पकडा. पोरगं स्कॉलरशिपला बसणार असेल तर मात्र एक वर्ष थांबा, आपल्या जिल्ह्यात त्या परीक्षेपुढं हिमालयसुद्धा लहान.

आता जागा. गुलमर्ग माझ्या मते शिकायला सगळ्यात भारी, कारण तिथं वाटीसारखं सपाट मैदान आहे आणि त्याच्या कडेला बारके बारके उतार, पोरगं पडलं तरी घसरत फार लांब जात नाही. लोक गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, नाव काढतात, पण पहिल्या वेळी शिकणाऱ्याला गोंडोलाची गरजच नसते हे कुणी सांगत नाही. दुसरा टप्पा अफरवाटला जवळपास ३९५० मीटरवर नेतो, ते कसलेल्या माणसांचं काम. आपलं पोर खालीच, बारक्या लिफ्टच्या आसपास. गुलमर्ग स्वतःच साधारण २६५० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट, म्हणून पोचल्या दिवशी नुसतं खा-प्या-झोपा. आमच्या धाकटीचं पहिल्या रात्री डोकं धरलं होतं, दुसऱ्या दिवशी ठणठणीत.

तिथं केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंगची स्वतःची संस्था आहे, बरीच जुनी, तिचे कोर्स असतात, शिवाय तासावर-दिवसावर शिकवणारे लोकल इन्स्ट्रक्टर. आम्ही लोकल घेतला, चार दिवस, एकाला दोन पोरं. त्यानं पहिल्या दिवशी काठ्या दिल्याच नाहीत. आधी एक पाय, मग दुसरा, मग आडवं होऊन पायऱ्या चढल्यासारखं वर चढायचं, आणि थांबायला पुढची टोकं जवळ, मागची लांब, त्याला ते पिझ्झा म्हणतात. चौथ्या दिवशी दोघी वळण घेऊन थांबत होत्या. वीस मिनिटांच्या कॅम्पात हे कधीच झालं नसतं.

गुलमर्गची अडचण म्हणजे प्रवास, खर्च आणि घरच्यांची भीती. श्रीनगर विमानतळापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, शेवटचा टप्पा टंगमर्गपासून चढाचा, जोरात बर्फ असला की चाकाला साखळी लावलेली गाडीच वर जाते. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड एक तरी घ्या, नाहीतर हॉटेलच्या वायफायवर आजीला तोंड दाखवत बसावं लागतं. आणि भीतीचं म्हणाल तर एप्रिल २०२५ च्या पहलगामनंतर माझ्या सासूबाईंनी काश्मीरचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलंय. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ज्या घरात हा विषय काढला की रडारड होते त्यांनी सोलंग बघावं, काश्मिरात जाऊन पोरापेक्षा फोनच जास्त सांभाळायचा असेल तर काय उपयोग.

सोलंग मनालीपासून चौदा-एक किलोमीटर, उंची २५०० च्या आसपास. आमचा अनुभव वाईट पण जागा वाईट नाही. आंचल ठाकूर, २०१८ मध्ये तुर्कीत स्कीमध्ये कांस्य जिंकली ती, त्याच भागातली, म्हणजे तिथं शिकवणारी माणसं नाहीत असं नाही, ती शोधावी लागतात. मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, तिचे स्कीचे कोर्स असतात पण ते मोठ्या मुदतीचे, शाळकरी पोराला आईबापाशिवाय दोन आठवडे ठेवायचं म्हणजे वयाची अट आणि पोराचा स्वभाव दोन्ही बघा. बर्फ नसला तर अटल बोगद्यातून पलीकडं लाहौलला जाता येतं, २०२० ला चालू झालाय, नऊ किलोमीटरचा, पलीकडं बर्फ बऱ्याचदा जास्त असतो, फक्त रस्ता बंद झाला की अडकायची तयारी ठेवा. सोलंगला गर्दी मात्र डोकं उठवते. शनिवार-रविवार टाळाच, ट्यूब, स्कूटर, घोडे आणि त्यातच शिकणारी पोरं, जोतिबाच्या यात्रेत सायकल शिकवल्यासारखं.

औलीबद्दल थोडक्यात. उतार सुंदर, लांब, रुंद, २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्समधली स्की तिथंच झाली, आणि गढवाल मंडळ विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात ते खाजगीपेक्षा स्वस्तात पडतात. पण ऋषिकेशवरून जोशीमठला अडीचशे किलोमीटर घाटाचा रस्ता, ज्याला गगनबावड्याच्या घाटात उलटी होते त्या पोरानं काय करायचं. जानेवारी २०२३ ला जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून तिथला रोपवे बंद पडला, तो चालू असेल असं धरून प्लॅन करू नका, गाडीनंच वर जायचं समजा. भाचा चौदाचा होता, मित्रांबरोबर गेला, सात दिवस रोज सकाळ-दुपार स्की, येताना काळाकुट्ट होऊन आला कारण बर्फावरनं ऊन परत तोंडावर येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला विचारलं तर तो औलीच म्हणेल. आठ-नऊच्या पोराला मी नाही पाठवणार.

जाण्याचं म्हणाल तर मिरजेतून गोवा एक्सप्रेस रोज आहे, दोन रात्री आणि मधला एक दिवस, निजामुद्दीनला उतरायचं. तिथनं मनालीची व्होल्वो किंवा ऋषिकेश. पुण्याहून विमानानं दिल्ली करून श्रीनगर हे पैशानं महाग पण पोरांच्या अंगाला स्वस्त. शाळेचे आठ दिवस बुडवत असाल आणि त्यातले चार ट्रेनमध्ये, तर स्कीला उरतं काय ते आधी बोटावर मोजा.

मैत्रिणीच्या पोराला मी गुलमर्ग सांगितलं, फेब्रुवारीचा पहिला आठवडा, चार दिवस, दोन पोरांत एक इन्स्ट्रक्टर. घरचे काश्मीरला नाहीच म्हणाले तर सोलंग, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि पैसे देण्याआधी फोनवर एवढंच विचारायचं की दिवसाला स्कीवर किती तास, एकाच्या हाताखाली किती पोरं, हेल्मेट मिळणार का, बर्फ नसला तर पैसे परत का. आमच्या त्या कॅम्पवाल्याला पहिलाच प्रश्न विचारला असता तर फोन तिथंच संपला असता.

सामान सगळं भाड्यानं मिळतं, फक्त हातमोजे आणि मोजे घरून न्या. हातमोजे पाणी न शिरणारे, लोकरीचे दहा मिनिटांत ओले होतात आणि मग पोरगं रडायला लागतं, स्कीमुळं नाही, बोटांमुळं. मोजे एकच जोडी, जाड, लांब. थंडी म्हणून दोन दोन घातले की बुटात पाय दाबला जातो आणि उलट जास्तच गारठतो. आणि जीन्स नको, प्लीज, मी स्वतः घालून गेले होते.