जेमॅलॉक, आठ महिने: माझं भांडण चोवीस बाइटांशी

नव्या रास्पबेरी पाय 5 वर, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरवर, माझा प्रोग्राम सुरूच होईना. ‘अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइज’ म्हणायचा आणि मान टाकायचा. दिंडोरीजवळचं द्राक्षाचं पॅकहाउस, रात्रीचे दहा, बाहेर क्रेट उतरतायत आणि मी टॉर्च दाताखाली धरून कीबोर्ड बडवतोय. पाय 5 चं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीचे 16 केबीचे तुकडे, म्हणजे पेजेस, वापरतं; माझं जेमॅलॉक, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणारी लायब्ररी, 4 केबी धरून बिल्ड केलेलं. एलजी-पेज 14 (2 चा 14 वा घात, म्हणजे 16 केबी) देऊन पुन्हा कंपाइल केलं, चाललं. तरी राग गेला नाही.

मुळात याच्या नादी लागलो ते पैसे वाचवायला. नाशिकच्या ऑफिसातून चालवतो त्या 8 जीबीच्या सर्व्हरची रॅम चार दिवसांत भरायची. लिनक्सवर हे मेमरीवाटप एरवी करणारं ग्लिबसी 64 बिटवर कोअरच्या आठपट अरीना, म्हणजे मेमरीचे वेगवेगळे साठे, उघडू शकतं. आमचे चार कोअर, म्हणजे 32. मोकळी केलेली मेमरी त्यात अडकून पडते. अरीना-मॅक्स 2 करून पाहिलं, तर थ्रेड लॉकसाठी रांगेत. 16 जीबीचा प्लॅन? मुळीच नाही. एलडी-प्रीलोडने, म्हणजे प्रोग्राम न बदलता, ग्लिबसीच्या वाटपाजागी जेमॅलॉक लावलं, रॅम साडेचार जीबीवर थांबली.

इथे थांबलो असतो तर पाच तारे. पण मी आकडे बघत बसलो. माझा एक रेकॉर्ड 136 बाइटांचा. ग्लिबसी हेडरसकट (स्वतःच्या नोंदीसकट) 144 मध्ये भागवतं. जेमॅलॉक देतं 160! 128 नंतर थेट 160. मेन रोडवर चप्पल घ्यायला जावं आणि दुकानदाराने ‘आठनंतर दहाच आहे, घ्या’ म्हणावं, तसं. रेकॉर्डमागे 24 बाइट पाण्यात. एक कोटी रेकॉर्डला 24 कोटी बाइट. बायको म्हणाली, जेवताना तरी सोड. तेव्हा दोनच तारे दिले होते.

मग स्ट्रक्ट, म्हणजे कोडमधली रेकॉर्डची मांडणी, उघडला. दोन बूल (हो-नाही साठवणारे एकेक बाइट), दोघंही मोठ्या आकड्यांच्या मधे एकेकटे, पॅडिंगमुळे (भरतीच्या रिकाम्या बाइटांमुळे) प्रत्येकी आठ बाइट अडवून. शेजारी-शेजारी बसवले, रेकॉर्ड बरोब्बर 128 वर. जेमॅलॉकमध्ये रेकॉर्डमागे 32 बाइट वाचले. ग्लिबसीत हाच खटाटोप केला असता तर शून्य. तिथे 128 लाही 144 च लागतात. दोनाचे चार तारे केले.

पाचवा देत नाही. 2025 च्या जूनमध्ये जेमॅलॉकची रिपॉझिटरी (सोर्स कोडचं भांडार) अर्काइव्ह झाली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उरली, तेव्हा पोटात गोळा आला होता. मी 2022 च्या 5.3.0 वरच आहे, सोर्स पेनड्राइव्हवर ठेवलाय, आणि तो पेनड्राइव्ह पॅकहाउसच्या चाव्यांना अडकवलाय.